कंजूषाची जागा

"स्टील कोण वाजवतंय?"

माझ्या शेजारी बसलेल्या कुवैती मुलानं गाडीत हा प्रश्न इंग्रजीत विचारला, आणि माझा हात आधी आवाज कमी करायच्या बटणाकडे गेला. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत मी उमेदीची सगळी वर्षं काढली. गाडीत मी काय लावतो यावरून लोकांनी नाकं मुरडली, चेष्टा केली, एका सहकाऱ्यानं तर 'ही गुराख्यांची रडगाणी बंद कर, नाहीतर मी चालत येतो' म्हणून दाराला हात घातला होता. पण स्टील कोण वाजवतंय, असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. साधा माणूस विचारतो, गातंय कोण. स्टीलवाल्याची चौकशी करणारा माणूस एकतर फार मुरलेला असतो किंवा पढवून पाठवलेला असतो. मला पहिला संशय आला तो तिथंच.

संशय हा माझा जुना आजार आहे. बायको म्हणते, तुम्हाला पेढ्यातसुद्धा खडा लागतो. मी भाजीवाल्याच्या तराजूवर, बँकेच्या मेसेजवर आणि डॉक्टरच्या हसण्यावर सारख्याच मनोभावे संशय घेतो. पण ह्या वर्षी संशय घ्यायला सबळ कारण होतं. आमच्या विभागातल्या परदेशी लोकांच्या जागा एकेक करून इथल्या मुलांना द्यायचं चाललं होतं. त्यात गैर काही नाही. देश त्यांचा, तेल त्यांचं, पोरंही त्यांचीच शिकून आलेली. हे डोक्याला पटतं, पोटाला पटत नाही. माझी मुलगी नुकतीच बारावीला गेली होती. इथं बापाची नोकरी गेली की इकामा, म्हणजे राहायचा परवाना, जातो, आणि इकामा गेला की आई नि मुलीनंही बॅगा भरायच्या. बारावीच्या ऐन वर्षात तिला शाळेतून उचलायचं, हा विचार मला झोपू द्यायचा नाही. मार्चमध्ये तिची परीक्षा संपेपर्यंत ही जागा टिकली की झालं, मग खुशाल कोणीही या आणि बसा. आणि नेमका ह्याच वर्षी हा मुलगा 'शिकायला' म्हणून माझ्या गाडीत आणून बसवला होता.

घरी मी त्याला शिकाऊ म्हणायचो. तो मला उस्ताद म्हणायचा. अरबीत तो मानाचा शब्द आहे हे मला माहीत होतं, पण आपल्याकडे उस्ताद म्हणजे एकतर गवई, नाहीतर पक्का लबाड. ह्यानं मला कुठल्या अर्थानं म्हटलं असेल, यावर मी काही दिवस घालवले.

स्टील म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मराठी घरात स्टील म्हटलं की डबे आठवतात. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी घसरवत जी हवाईयन गिटार वाजवतात, तिचीच ही अमेरिकेतली थोरली बहीण. तिला चार पाय असतात, खाली पेडलं असतात, आणि जुन्या कंट्री गाण्यांत गायकाच्या पाठीमागे ती सतत हळहळत असते. गायकाचं नाव कव्हरवर ठळक असतं. मागे हळहळणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा कुठंच नसतं. तो स्टुडिओत यायचा, वाजवायचा, दुसऱ्या स्टुडिओत जायचा. म्हणून जगभरात काही रिकामटेकडे लोक ही जुनी गाणी ऐकून पाठीमागचा माणूस कोण ते ओळखत बसतात. त्या रिकामटेकड्यांपैकी मी एक.

ही खोड नाशिकची. शाळेत असताना मी हवाईयन गिटारच्या क्लासला जायचो. आमचे सर मोठे विक्षिप्त. दर शनिवारी आम्हा सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवायचे, एकेकाला मागे बोलावून तीच एक ओळ वाजवायला लावायचे आणि विचारायचे, ओळखा कोण. ओळ तीच, गिटार तीच, तरी पंधरवड्यात आम्ही एकमेकांना बिनचूक ओळखायला लागलो. कोणी सुरावर खालून यायचा, कोणी धपकन पडायचा, कोणाची कांडी सुरावर टेकल्यावरही थोडी थरथरायची. सर म्हणायचे, "सूर काय बाजारात मिळतात रे. जागा स्वतःची लागते." गाण्यात कोणी सुंदर वळण घेतलं की आपण 'काय जागा घेतली' म्हणतो, ती जागा. मला स्वतःला ती कधी सापडली नाही. दुसऱ्याची मात्र लगेच ऐकू यायची.

पुढे इंजिनियर होऊन कुवैतला आलो, तेव्हा माझा पहिला सुपरवायझर टेक्सासचा होता. त्याच्या पिकअपमध्ये दिवसभर ह्या कॅसेटा चालायच्या. पहिल्याच दिवशी मी ताठ होऊन बसलो. अरे, ही तर आपल्या क्लासातली! तो परत गेला तेव्हा कॅसेटांचा खोका मला देऊन गेला. त्यानंतर मी शुक्रवारच्या बाजारातून जुन्या रेकॉर्डी आणायला लागलो. तिथंही डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं; कव्हर एकाचं आणि आत तबकडी भलत्याचीच, असा प्रकार सर्रास. हळूहळू मला मागचे वाजवणारे कळायला लागले. त्यांची खरी नावं मला नंतर कळली, पण माझ्या डोक्यात त्यांची आमच्या क्लासातल्यासारखी टोपणनावंच राहिली. एक रडका. एक घाईवाला. आणि सगळ्यांत लाडका कंजूष, जो दुसरा पाच सूर वाजवेल तिथं एकच वाजवायचा, आणि तोही गायकाचा शब्द पुरा संपल्यावर.

तर अशा माझ्या खासगी जगात हा शिकाऊ घुसला. म्हणाला, ओक्लाहोमात शिकायला होतो, घरमालक म्हातारा होता, त्याच्याकडे रोज संध्याकाळी हेच ऐकायचो. गोष्ट ऐकायला छान होती. मला छान गोष्टींचा भरवसा वाटत नाही. मी त्याच्यासाठी सापळा लावला. दुसऱ्या दिवशी घाईवाल्याचं एक गाणं लावलं आणि सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "हा रडका. किती संथ वाजवतो बघ."

तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग अवघडून म्हणाला, "उस्ताद, हा संथ नाही. हा तर बस चुकणार असल्यासारखा वाजवतोय."

मला मनातून इतका आनंद झाला की विचारू नका. आणि पाठोपाठ वाटलं, म्हणजे हा पूर्ण तयारी करून आलाय. त्याचं उत्तर बरोबर आलं तरी संशय, चुकलं तरी संशय. बायको म्हणाली, "मग त्यानं करायचं तरी काय?"

कामातही त्याचे प्रश्न संपत नसत. माझं काम पंप आणि कॉम्प्रेसर यांचं. आता प्रत्येक पंपाला थरथर मोजणारी यंत्रं आहेत, पडद्यावर आलेख येतात. पण मी जुन्या वळणाचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. कधी कधी आवाज एका ठिकाणी किंचित अडखळतो. पडद्यावरचा आलेख तेव्हा अजून सरळ असतो. शिकाऊ स्क्रू ड्रायव्हर लावायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवायचा, नाही येत ऐकू. मी त्याला सांगायचो ते खरं सांगायचो. हातचं राखून शिकवणं मला जमत नाही. पण शिकवताना प्रत्येक वाक्याला वाटायचं, आपण आपल्याच पायाखालची चटई ह्याला गुंडाळून देतोय.

एकदा गाडीत कंजूषाचं गाणं चालू होतं; एव्हाना माझी टोपणनावं त्यालाही पाठ झाली होती. त्यानं तो एकमेव सूर घेतला आणि माझ्या तोंडून मराठीत निघून गेलं, "काय जागा घेतली!"

"जागा?" त्यानं विचारलं. पुस्तकी अरबीत ग नाही, पण कुवैती लोक कॉफीला, म्हणजे कहव्याला, गहवा म्हणतात, त्यामुळे ग त्याला सहज जमला.

मी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला की प्रत्येक वाजवणाऱ्याचं एक ठिकाण असतं, तिथं तो सापडतो, त्याला आम्ही जागा म्हणतो. तो 'जागा, जागा' पुटपुटला आणि पुढं गाणं बदललं. मीही ते विसरून गेलो.

मग त्यानं मला अर्दियाला त्यांच्या दिवानियात बोलावलं. दिवानिया म्हणजे घराच्या पुढच्या भागातली पुरुषांची बैठक. जावं की नाही यावर मी घरी बरीच चर्चा केली. बायकोनं चकल्यांचा डबा हातात देऊन मला बाहेर काढलं. तिथं त्याचे वडील, एक काका, चहाचे छोटे ग्लास आणि कोपऱ्यात चक्क रेकॉर्ड प्लेअर. काकांनी मायेनं चौकशी केली. किती वर्षं झाली कुवैतला, मुलं किती, काय शिकतात. मुलगी बारावीला, मार्चमध्ये परीक्षा, हे मी सांगून बसलो आणि सांगता क्षणी जीभ चावली. ही चौकशी होती की उलटतपासणी, हे मला चहा संपेपर्यंत ठरवता आलं नाही.

त्या संध्याकाळी त्यानं शुक्रवारच्या बाजारातून आणलेली एक रेकॉर्ड लावली. कव्हर फाटलेलं, मागची अक्षरं पुसलेली. दुसरं गाणं सुरू झालं आणि गायकाचा शब्द संपल्यावर तो एकच सूर आला. मी मांडीवर थाप मारली. "कंजूष!"

"नाही," शिकाऊ म्हणाला. "त्याच्याकडून शिकलेला कोणीतरी आहे. कंजूष सूर संपला की पाय उचलतो, आवाज तिथल्या तिथं तुटतो. ह्याचं शेपूट ऐका. राहतंय."

आवाज पायानं कमीजास्त करायचं एक पेडल असतं, त्याबद्दल तो बोलत होता. मी पुन्हा ऐकलं. मला शेपूटबिपूट काही ऐकू आलं नाही. ऐकू आलं नाही असं नाही, मी ऐकायला गेलोच नाही. ज्या माणसाच्या जागा मी वीस-पंचवीस वर्षं पाठ केल्या, त्या मला हा काल आलेला मुलगा शिकवणार? कंजूषच, मी ठणकावून सांगितलं. नाही, तो शांतपणे म्हणाला. पुढं किती तरी दिवस गाडीत आमचा हाच वाद चालला. मला वाटायला लागलं, आज गाण्यात मला खोटं पाडणारा उद्या मीटिंगमध्येही पाडेल.

आणि मग ती सकाळ आली. सही घ्यायला मी आमच्या कुवैती साहेबांच्या खोलीकडे चाललो होतो. दार किलकिलं होतं. आतून शिकाऊचा आवाज येत होता, अरबीत, भराभर, जरा चढलेला. माझं अरबी दुकान, बँक आणि ट्रॅफिक पोलीस यांच्यापुरतं. पण अल-हिंदी, म्हणजे भारतीय माणूस, हे कळतं. मारिस म्हणजे मार्च, हेही कळतं. आणि त्यांच्यामध्ये, स्वच्छ, खणखणीत, तिसरा शब्द आला. जागा. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. अल-हिंदी, जागा, मारिस. साहेब काहीतरी बोलून हसले. मी दारावर टकटक केलं आणि दोघंही गप्प झाले. शिकाऊनं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली वळवली.

आता यात ओळखायचं काय बाकी राहिलं होतं? भारतीयाची जागा, मार्च. मार्चच्या आत की मार्चनंतर, एवढाच काय तो प्रश्न.

"अहो, अरबीत तसा एखादा शब्द असेल," बायको म्हणाली. "जागा म्हणजे बटाटासुद्धा असेल."

तिचं म्हणणं पडताळून बघावं म्हणून मी फहाहीलमधल्या आमच्या किराणावाल्याकडे गेलो. ते रत्नागिरीकडचे, अर्धं आयुष्य इथं गेलेलं, अरबी पाण्यासारखं बोलतात. तांदूळ घेता घेता विचारलं, "चाचा, अरबीत जागा म्हणजे काय हो?"

"अरबीत?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तसो शब्दच नाय अरबीत. जागेला हे लोक मकान बोलतात. जागा तर आपलो शब्द. कशाला, घर बदलताव काय?"

संशयाला एवढा पुरावा पुरे झाला. ह्या घरांतून आपल्याकडचे ड्रायव्हर असतात, पोरांना हिंदी शब्द येतात. साहेबांशी चाललेलं बोलणं बाहेर कळू नये म्हणून पोरानं मुद्दाम परका शब्द वापरला असणार, असंही माझ्या डोक्यात आलं. बाहेरून ऐकणारा भारतीय असेल तर भारतीय शब्द वापरून काय लपणार, हा साधा हिशेब मला तेव्हा सुचला नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते उगाच नाही.

घरी मी बायकोला नाशिकच्या शाळांची चौकशी करायला लावली. मुलीनं खोलीतून ऐकलं. "बाबा, यू आर इमॅजिनिंग थिंग्ज," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. पण रात्री जेवताना तिनं पुस्तक उघडलं नाही, नुसती भात चिवडत बसली. मग मराठीत, अडखळत विचारलं, "खरंच जायचंय का?" ती मराठीत बोलली की मला भीती वाटते. शिकाऊचा मला जेवढा राग आला होता, तेवढा त्याआधी कोणाचाच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडीत त्यानं नेहमीसारखी ती रेकॉर्ड फोनवरून लावली. म्हणाला, "उस्ताद, आज शेवटपर्यंत ऐका."

"माझ्या खुर्चीत बसायची एवढी घाई असेल," मी म्हणालो, "तर मधे गाणी कशाला आणतोस?"

"मला समजलं नाही."

"तुला समजण्यासारखं बरंच समजतं."

त्यानं स्वतःच्या हातानं गाणं बंद केलं. त्यानंतर तो माझ्यासोबत यायचा, स्क्रू ड्रायव्हर लावायचा, विचारलेल्याला उत्तर द्यायचा. उस्ताद म्हणणं त्यानं बंद केलं. बरं झालं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला करमेनासं झालं होतं. इतक्या वर्षांत स्टीलवाल्यावरून माझ्याशी भांडणारा तोच एकटा भेटला होता.

शेवटी न राहवून एका रविवारी, आठवड्याच्या पहिल्याच सकाळी, मी साहेबांसमोर जाऊन बसलो. जे काय असेल ते तोंडावर सांगा, म्हणालो. माझ्या पाठीमागं माझ्या जागेचा सौदा होतोय, तो मी कानांनी ऐकलाय.

साहेब बुचकळ्यात पडले. "काय ऐकलंत?"

"जागा," मी म्हणालो. "त्यानं तीनतीनदा म्हटलं. जागा म्हणजे पोस्ट. आमचा शब्द आहे तो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि ते मोठ्यानं हसले. "जागा म्हणजे पोस्ट? तो तर मला वेगळंच सांगत होता. तुम्ही पंपाला कान लावून एक ठिकाण सांगता ना, यंत्राच्या आधी? त्याला म्हणे तुमच्या भाषेत जागा म्हणतात, तुम्हीच शिकवलंत. तो म्हणत होता, ती जागा ह्या माणसाला सापडते, मला अजून सापडत नाही, मार्चपर्यंत तरी ह्यांना ठेवा. मी म्हटलं, पंपात जागा शोधायला तू इंजिनियर आहेस की घरांचा दलाल. म्हणून हसलो होतो."

गाडीतली ती दुपार मला आत्ता आठवली. काय जागा घेतली. मीच दिलेला शब्द मला त्याच्या तोंडून ओळखता आला नाही. मला हसूही येईना.

साहेबांचं हसू मात्र हळूहळू मावळलं. त्यांनी चहाचा ग्लास बाजूला सरकवला. "पण तुम्ही विचारलंच आहे तर सांगतो. तुम्ही म्हणता त्या जागेचं वरून ठरलंय. डिसेंबरअखेर. मी ह्याच आठवड्यात तुम्हाला बोलावणार होतो. त्याला आधी कळलं, कारण ती त्यालाच मिळणार आहे. म्हणून तो माझ्याशी भांडायला आला होता, मुलीची परीक्षा होईपर्यंत थांबा म्हणून. मी वर विचारलंय. उत्तर आलेलं नाही."

खोलीतून बाहेर आल्यावर मी जिन्यात उभा राहिलो. माझा संशय खरा ठरला होता, अगदी मार्चच्या आतच. आणि ज्याच्यावर घेतला तो माणूस सोडून सगळं खरं होतं. जागा मी बरोबर ओळखली होती, वाजवणारा चुकला होता. आमच्या सरांनी अशा चुकीला छडी मारली असती. मला इतकी लाज वाटली की मी जेवायच्या सुट्टीत कँटीनला गेलोच नाही.

घरी आल्यावर आधी बायकोला सगळं सांगितलं. तिनं डिसेंबर ऐकलं आणि खुर्चीत बसली. मग म्हणाली, "आणि त्या पोराला तुम्ही खुर्चीवरून बोललात." मुलीच्या परीक्षेची धास्ती होतीच, पण ती हे म्हणाली तेव्हा मला जास्त लागलं. मी हेडफोन लावून, वादाच्या दिवसांत त्यानंच फोनवर पाठवलेलं ते फाटक्या कव्हरचं गाणं काढलं. ह्या वेळी कंजूषाला शोधायला नाही, नुसतं ऐकायला. शब्द संपला, तो सूर आला, आणि तुटला नाही. मागे बारीकसं शेपूट राहिलं होतं. एवढं स्पष्ट की बहिऱ्यालाही ऐकू यावं. वाजवणाऱ्यानं जागा कंजूषाची घेतली होती, पण सोडताना त्याचा पाय उचलला जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडीत मीच ते लावलं आणि आवाज वाढवला. "हा कंजूष नाही," मी म्हणालो. "तू म्हणालास ते बरोबर."

"शेपूट ऐकलंत?"

"ऐकलं. आणि साहेबांकडे काय बोललास तेही ऐकलं. ह्या वेळी इंग्रजीत."

"खुर्ची मलाच मिळणार आहे, उस्ताद," तो म्हणाला. "ते मला माहीत होतं, तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. पण मी त्या खुर्चीत बसलो आणि मला पंपातलं काहीच ऐकू आलं नाही तर? पडदा म्हणेल सगळं ठीक आहे, आणि मला वेगळं सांगणारं कोणी नसेल." तोवर मला वाटत होतं, भिणारा मी एकटाच आहे. उस्ताद मात्र त्यानं पुन्हा म्हटलं होतं, आणि ह्या वेळी मी अर्थ शोधला नाही.

उत्तर डिसेंबर निम्मा सरल्यावर आलं. साहेब म्हणाले, मार्चअखेर, मग खलास. मी तो कागद स्वतः बघायला मागितला, दोनदा वाचला, घरी जाऊन बायकोला फोटो दाखवला. संशय काही असा एका दिवसात जात नाही. मुलीला सांगितलं तर ती इंग्रजीत "ओके" म्हणाली आणि खोलीत गेली. थोड्या वेळानं आतून तिचा मोठ्यानं पाठ करण्याचा आवाज यायला लागला.

तीन महिने आम्ही पंपांवर कान लावत फिरलो. मी त्याच्या आधी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. तो लावायचा, डोळे मिटायचा, मान हलवायचा. मग मी लावायचो. कधी माझं जुळायचं, कधी दोघांनाही काही नसायचं. फेब्रुवारीत एका सकाळी त्यानं डोळे उघडले आणि नुसतं बोट टेकवलं. मी ऐकलं. होती. किंचितशी होती, पण होती. आलेख त्या दिवशीही सरळच होता.

आता मुलीचे शेवटचे दोन पेपर राहिलेत. घरात खोके आलेत. रेकॉर्डी कोणाला द्यायच्या हा प्रश्न नाही. त्या अर्दियाला शिकाऊकडे जाऊन पडल्या आहेत. परवा मी एकटाच एका पंपापाशी गेलो होतो. तिथं एक फिलिपिनो ऑपरेटर होता, नवीन आलेला. माझ्याशी आजवर त्याचं बोलणंही झालेलं नाही. त्यानं लांब स्क्रू ड्रायव्हर कानामागून काढला, बेअरिंगच्या घरावर खडूनं फुली मारली आणि मला बोलावलं.

"सर," तो म्हणाला, "जगा हिअर."

कोणाकडून शिकला असेल ते मला विचारावं लागलं नाही. मधल्या हातांत कुठंतरी त्याचा 'जा' आखूड पडला होता. मी सुधारणार होतो, तोंड उघडलंही होतं. मग राहू दिलं.

"यस," मी म्हणालो. "जगा."